कान धरून शंभर

माझ्या कानांत काही खोट नाही, हे मी आजही छातीठोक सांगतो! बारा वर्षं पिंगळीच्या जिनिंगमध्ये सरकी काढायच्या मशीनवर काढली. तिथला आवाज म्हणजे डोक्यात दगडांची मळणी! आणि यंदा, चौऱ्याहत्तर साली, मुकादम मुंजाजीनं फर्मान काढलं: सोमवारी कानांची परीक्षा. मागून मारलेली हाक ज्याला ऐकू येणार नाही, तो मशीनवरून बाद, गोदामात सरकीची पोती वाहील! कान खाल्ले यांच्या मशीननं, अन् परीक्षा माझी! मला डाव दिसला. मुकादमाचा मेहुणा माझ्या जागेवर टपलेलाच होता.

परभणीचा डॉक्टर गाठला. तो म्हणाला, "रोज व्यायाम करा. रक्त खेळतं राहिलं की कानालाही बरं." आणखी काही पुटपुटला. महत्त्वाचं असतं तर मोठ्यानं बोलला असता!

व्यायाम कानासाठी, म्हणून मी डोकं चालवलं. उठाबशा काढायच्या, पण कान धरून! रोज सकाळी अंगणात शंभर.

तिसऱ्या दिवशी शेजारची सरजाबाई कुंपणावरून टक लावून उभी. चौथ्या दिवशी तिच्यासोबत आणखी चौघी. ओठ हलायचे, आवाज नाही! मिलमध्येही तेच. मी दिसलो की कुजबुज. म्हटलं, झालं, मेहुण्याचं पक्कं!

घरी बायको कमल डोळे वटारून बसलेली.

"खरं सांगा, काय करून ठेवलंत? शिक्षा भोगायलाव म्हणं तुमी!"

"भिक्षा? भिक्षा मागायची येळ न्हाई आली अजून!"

सोमवारी मुंजाजीनं फाटकातच अडवलं. मशीनचा नवा पट्टा चोरीला गेला म्हणून आठवडाभर बोंब चालू होती. ती बोंबही मला कुणी मोठ्यानं सांगितली नव्हती.

"लिंबाजी, पट्टा तू हलवलास?"

पत्ता? चुडाव्याहून बिऱ्हाड हलवून महिना झाला होता.

"व्हय! बायकोनं बी हात लावला. बैलगाडीत घालून आणला सारा बोजा!"

"अन् कुठं ठेवलास?"

"सरजाबाईच्या शेजारी!"

दोन गडी माझ्या घराकडे पळणार, तेवढ्यात मेहुणाच पट्टा खांद्यावर टाकून आला. टोकं शिवून जोडायला नेला होता म्हणे! सांगायचं राहून गेलं!

मुंजाजीचं तोंड उतरलं. "मग गुन्हा न्हाई तर कान कशाला धरतोस रे?"

"कान टिकावेत म्हणून!"

"बघू तर. फिरव पाठ."

मी पाठ फिरवली. सवयीनं हात कानांवर गेले. मागून कापसासारखा मऊ आवाज आला, "लिंबाजी, कान सोड!"

"आलं! ऐकू आलं!" मी नाचलोच. "मुकादम, इतकं हळू बोललात तरी आलं!"

कुणी हसेना. वळून बघतो तर मुंजाजीच्या तोंडाला पत्र्याचा कर्णा, मानेच्या शिरा दोरखंडासारख्या फुगलेल्या, आणि पलीकडच्या शेतातल्या बाया कापूस वेचायचं सोडून आमच्याकडे बघायलेल्या!

आता पोती वाहतो. तोही व्यायामच. शिवाय गोदामात मशीनचा आवाज अजिबात येत नाही. निदान मला तरी!