झिपरोजी अस्वलाची कणगी

मुलांनो, मांडी घालून बसा. कुणाला शिंक येत असेल तर ती आत्ताच उरकून घ्या.

एक जंगल होते. तिथल्या साऱ्या प्राण्यांची ज्वारी एकाच कणगीत असायची. कणगी म्हणजे बांबूची विणलेली, शेणामातीने लिंपलेली भली मोठी कोठी. तिची राखण झिपरोजी अस्वलाकडे होती.

झिपरोजीला ही नोकरी फार आवडायची, कारण तिच्यात नुसते बसायचे असे. बाकीचे सगळे त्याची बायको भागूबाई करायची. ती ज्वारी उन्हात खडखडीत वाळवायची, कडुनिंबाचा पाला सावलीत सुकवायची. मग कणगीत ज्वारीचा थर, त्यावर पाल्याचा थर, अधूनमधून वेखंडाचे तुकडे आणि सगळ्यांत वर चुलीतली राख. त्या वासाने किडे लांबूनच परत जायचे.

एके दिवशी मात्र एक सोंडकिडा सोंडेला रुमाल लावून कणगीच्या काठावर येऊन बसला. त्याचे नाव सोंडोपंत. घरी बायकापोरे उपाशी होती.

"रामराम झिपरोजीराव! तुम्ही ज्वारीत पाला घालता म्हणे?"

"घालतो की."

"अरेरे! एवढे मोठे अधिकारी, आणि पाला?"

झिपरोजीला आजवर कोणी अधिकारी म्हटले नव्हते. तो सावरून बसला.

"का हो, काय चुकलं?"

"पुढारलेल्या जंगलांत आता निर्भेळ धान्य खातात. पाला म्हणजे भेसळच की!"

"पण मग कीड लागेल ना?"

"लागेल कशी? एखादा सल्लागार नेमा. किड्यांचा आमच्याइतका अनुभव दुसऱ्या कुणाला आहे?"

झिपरोजीला हे बिनतोड वाटले. तो घरी जाऊन बायकोला म्हणाला, "पाला काढून टाक."

"अहो, तो किडा आहे!"

"म्हणूनच तर! तू जन्मभर किडे बाहेर ठेवलेस. तुला त्यांची माहिती कुठून असणार?"

भागूबाईने कपाळावर हात मारून घेतला आणि पाला उपसला.

सोंडोपंत पाहणीसाठी आत गेले. मदतीला बायकापोरे गेली. पाठोपाठ सासुरवाडी गेली. झिपरोजी रोज कणगीला कान लावून विचारायचा, "काम कसं चाललंय?"

आतून आवाज यायचा, "कुर्रम कुर्रम! जोरात!"

झिपरोजी समाधानाने पुन्हा झोपायचा.

पावसाळा लागला आणि सिंहमहाराज स्वतः ज्वारी न्यायला आले. महाराज म्हातारे झाले होते. दात पडल्यापासून वैद्याने त्यांना भाकरीवर ठेवले होते.

झिपरोजीने कणगीत हात घातला. हाताला ज्वारी लागेना. बाहेर आले ते करड्या रंगाचे पीठ, आणि ते हळूहळू चालत होते.

झिपरोजीने महाराजांकडे पाहिले. महाराजांना दात नव्हते, पण पंजे होते.

"हे काय?" महाराजांनी विचारले.

"द... दळलेली ज्वारी, महाराज. जात्याचा त्रास नको म्हणून."

"आणि हे चालतंय कसं?"

"ताजं आहे, महाराज."

भागूबाईने तोंड फिरवून भाकरी थापली. महाराजांनी एक घास घेतला आणि डोळे मिटले. झिपरोजीला नोकरी गेलेली दिसू लागली. नोकरीपाठोपाठ स्वतःचे कातडेही गेलेले दिसले.

महाराजांच्या डोळ्यांत पाणी आले.

"झिपरोजी," ते गहिवरून म्हणाले, "किती वर्षांनी रे तोंडाला मांसाची चव लागली!"

झिपरोजीला तिथल्या तिथे बढती मिळाली. सोंडोपंतांचाही सत्कार व्हायचा होता, पण ते पहिल्याच भाकरीत होते.

सशांनी आणि हरणांनी ज्वारीबद्दल तक्रार केली. महाराजांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि त्यांना खायला कडुनिंबाचा पाला दिला. तो आता भरपूर शिल्लक होता.

तात्पर्य: धान्यात पाला घातला तर धान्य टिकते. किडे घातले तर नोकरी टिकते. तेव्हा मुलांनो, काय टिकवायचे ते आधी ठरवा आणि मगच कणगी भरायला घ्या.