नगरहून न आलेली डिस्क

तिसगावचे नामदेव अण्णा कॉम्प्युटर दुरुस्त करण्याआधी त्याचा वास घेतात. थट्टा नाही. कॅबिनेटच्या मागच्या जाळीला नाक लावतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात, "पॉवर सप्लाय जळालाय. आन् तुमच्याकडं काल सुकट भाजली हुती."

दोन्ही खरं निघतं.

पेठेतलं त्यांचं दुकान इतकं चिंचोळं, की मॉनिटर आत न्यायचा तर अण्णांना बाहेर यावं लागतं. हत्यारं तीनच: स्क्रू-ड्रायव्हर, शाळेतलं खोडरबर आणि लोहाराकडून आणलेला भाता. आमच्याकडची धूळ ब्रशला दाद देत नाही. अण्णांनी भाता मारला, की पेठेत भरदुपारी दिवे लावावे लागतात. एकदा डेअरीच्या कॉम्प्युटरमधून त्यांनी एवढी माती काढली, की तिच्यात मेथीचे दोन वाफे आले असते. पालींची आख्खी भाऊबंदकी निघाली ती वेगळीच.

मग रॅमची पट्टी काढायची, तिचे सोनेरी दात खोडरबराने घासायचे आणि दाबून बसवायची. "निम्मं जग ढिल्या रॅममुळं बंद पडलंय, गुरुजी!"

गुरुजी म्हणजे मी. निवृत्तीनंतर गावाचा इतिहास लिहायला घेतला. चाळीस पानं झाली आणि एक्केचाळिसाव्याला कॉम्प्युटर बसला. तेव्हापासून दर बाजारी तो स्कूटरवर घालून अण्णांकडे. ते आधी माझी चाळीस पानं पेन ड्राइव्हवर काढून ठेवायचे, मग वास, मग खोडरबर. "आता जरा हवा खाऊ द्या त्याला," म्हणून चहा सांगायचे. कॉम्प्युटर हवा खाईपर्यंत आम्ही सगळ्या तालुक्याची उणीदुणी काढायचो.

खरा दोष जुन्या डिस्कचा. गावात सगळ्यांना अण्णांनी नवी, वेगवान डिस्क बसवून दिली. माझी मात्र "नगरहून यायची हाय." वर्ष झालं. गोगलगायीच्या पाठीवर लादली असती, तरी करंजी घाट चढून एव्हाना आली असती.

एकदा अण्णा चहा आणायला समोर गेले. खोडरबरासाठी मी खण उघडला, तर आत एक सीलबंद खोका. वर बोटभर धूळ, धुळीखाली अण्णांचं अक्षर: 'गुरुजी'.

अण्णा दोन ग्लास घेऊन दारात थबकले.

"ही कधी आली?"

"मागल्या दिवाळीत."

"आणि बसवली नाही?"

अण्णांनी ग्लास ठेवले. उगाच टेबल खोडरबराने घासू लागले. "ही बसवली का मशीनकडं धा वर्सं बगाया नको. मंग तुमी कशाला येताल हिकडं? बायको चाकणला, नातवापाशी. दुकानात मानसं लई येत्यात, गुरुजी. मशीन ठिवत्यात, मशीन नेत्यात. बसत कोनी न्हाई."

मी रागवायचं ठरवलं. बत्तीस वर्षांची मास्तरकी पणाला लावली. जमलं नाही. "बसवा," एवढंच म्हणालो.

डिस्क बसली. चहाचा पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत कॉम्प्युटर सुरू झाला. अण्णांनी वायर गुंडाळून माझ्या हातात दिली.

पंधरवड्यात इतिहास नव्वद पानांवर गेला. बाजारच्या दिवशी दुकानावरून दोनदा गेलो. दोन्ही वेळा अण्णा तोच बंद मॉनिटर पुसत होते.

घरी येऊन आयुष्यात पहिल्यांदा स्क्रू-ड्रायव्हर हातात धरला. रॅमची पट्टी उपसली आणि अर्धीच खोवून ठेवली. पुढच्या बाजारी दुकानात हजर!

"अण्णा, परत बसला."

त्यांनी झाकण काढलं. तिरकी पट्टी पाहिली. मग उचलून नाकाशी नेली.

"लसणाच्या चटणीचा हात लागलाय हिला," ते म्हणाले.

मी बोटं खिशात घातली.

अण्णांनी पट्टी हळूच टेबलावर ठेवली, दुसरं स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि रुमालाने पुसलं. "बसा, गुरुजी. लई मोठा बिघाड हाय." मग समोरच्या टपरीकडे बघून ओरडले, "दोन चहा! आन् काय घाई न्हाई!"