सुपडूआप्पांचं वाळवंट

सुपडूआप्पा रोज संध्याकाळी बुटांत वाळू भरून गल्लीत फेऱ्या मारायचे.

वाळूवरून नाही, वाळू भरून. कॅनव्हासच्या बुटांत उजव्या पायाला दीड मूठ आणि डाव्याला एक, कारण डाव्या टाचेला भेग होती. बूट बांधून ते निघाले की सगळ्या गल्लीत खर्र खर्र असा आवाज जायचा आणि बायका आतूनच म्हणायच्या, आले वाळवंटवाले. कुणी विचारलंच तर आप्पा थांबून शांतपणे समजावून सांगत. "बूट वाळूमा गया म्हणजे वाळू बूटमा येनारच शे. मंग आतेपासूनच येऊ दे. पायले सवय पडी." आणि शेवटी त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं. "प्लॅनिंग फिट शे."

हे वाळवंट म्हणजे राजस्थानातलं, जैसलमेरच्या बाजूचं राष्ट्रीय उद्यान. तिथे जाऊन सलग चार दिवस पायी फिरायचं, असा आप्पांचा बेत होता. आजपर्यंत त्यांनी ते उद्यान पाहिलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला उगाच वाट बघायला नको.

आम्ही सुरतेच्या डिंडोलीतल्या त्या गल्लीत राहायला येऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे गल्लीतला कुठलाही फॉर्म, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी किंवा सरकारी पाकीट माझ्याकडे यायचं. मला ते सगळं वाचता येतच होतं असं नाही, पण नाही म्हणायला जो धीर लागतो तो माझ्याकडे नव्हता.

आप्पा एके दिवशी असेच आले. हातात गुजराती वर्तमानपत्राचा तेलकट तुकडा होता, खमण बांधून आलेला. आप्पा वीस वर्षं सुरतेत लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यात, कारीगर होते. गुजराती बोलायचे अस्सल, पण वाचताना अडायचे. मी वाचून दाखवलं. वाळूचे डोंगर, कोल्हे, माळढोक पक्षी. लिहिणाऱ्याने म्हटलं होतं की तिथे दिवसभर चाललं तरी माणूस भेटत नाही. ते वाक्य आप्पांनी तीनदा वाचायला लावलं. मला वाटलं, माझा उच्चार चुकतोय.

दुसऱ्या दिवसापासून प्लॅनिंग सुरू झालं.

आप्पांचं वय पन्नाशीच्या पुढचं, अंग काटक, आवाज मोठा. वीस वर्षं मागांच्या खडखडाटात बोलून बोलून त्यांचं साधं 'बस' सुद्धा चार घरं ऐकत. बायको वारली होती. घरी एकटेच असत आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी स्वतः थापत. चालण्याच्या बाबतीत त्यांना कुणाचं ऐकायचं नव्हतं. खात्यात एका कारीगराकडे पुष्कळ माग असतात आणि बारा तासांच्या पाळीत तो त्यांच्यामधून सारखा येरझारा घालत असतो. आप्पांचं म्हणणं होतं की त्या हिशेबाने ते जैसलमेरला कधीच जाऊन परत आले आहेत, फक्त सरळ रेषेत गेले नाहीत.

मी कॉलेजच्या लायब्ररीतल्या नकाशावरून त्यांना एक नकाशा काढून दिला. त्यांनी त्यावर बोटं ठेवून मोजलं आणि म्हणाले, साडेतीन बोटं, काही लांब नाही.

सामानाची यादी मीच लिहून घेतली. पाण्याच्या दोन बाटल्या, कारण खात्यात ते पाळीभरात तीनदाच पाणी पितात. भाकरी, ठेचा, छत्री, शिट्टी. आणि कांदे. खानदेशी माणूस उन्हात कांद्याशिवाय बाहेर पडत नाही, पण तो खिशात एखादा ठेवतो. आप्पांनी बारा कांद्यांची माळच ओवली होती. ती गळ्यात घालायची, म्हणजे ऊन बाधत नाही, आणि बाधलंच तर भाकरीबरोबर खाता येतात. माझ्या आईने विचारलं, आप्पा, लगीन कोणाशी लावताय? त्यावर ते इतके गंभीरपणे "वाळवंटशी" म्हणाले की आई परत कामाला लागली.

सगळ्यात मोठा प्रश्न होता वाट चुकण्याचा. वाळवंटात खुणा नसतात, वाऱ्याने पावलं पुसली जातात, असं त्या तेलकट कागदात लिहिलं होतं. आप्पांनी रात्रभर विचार करून यावर जो उपाय काढला तो लूमच्या माणसालाच सुचू शकतो. सुरुवातीला एका खुंटाला धागा बांधायचा आणि बॉबिन सोडत सोडत चालायचं. परत येताना धागा धरून यायचं. मी हसलो नाही, कारण मला त्यात चूक दिसेना. एका बॉबिनवर मैलोन्मैल धागा असतो.

रविवारी चाचणी झाली. गल्लीच्या तोंडाशी विजेच्या खांबाला धागा बांधून आप्पा रेल्वे लाइनच्या दिशेने निघाले. पिशवीतलं बॉबिन भिरभिर सुटत होतं. लाइनपर्यंत जाऊन त्यांनी एक बिडी ओढली, डोळ्यांना पंचा बांधला, कारण वाळवंटात वावटळ आली तर दिसणार नाही, आणि धागा चाचपत परत फिरले. मधल्या अर्ध्या तासात त्या धाग्याला एका दूधवाल्याची सायकल भेटली होती, आणि त्या सायकलीला तबेल्याकडे निघालेल्या म्हशी. धागा तुटला नाही. पॉलिस्टर होता. त्याने आप्पांना बरोबर दोन गल्ल्या पलीकडच्या तबेल्यात नेऊन एका म्हशीच्या शिंगापाशी उभं केलं. पंचा सोडल्यावर आप्पांनी म्हशीकडे पाहिलं, म्हशीने आप्पांकडे पाहिलं, आणि तबेल्याच्या मालकाने दोघांकडे.

गल्ली आठवडाभर हसत होती. आप्पांवर काही परिणाम नाही. "वाळवंटमा म्हैस ऱ्हास का?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, नसावी. "मंग फिट शे."

दर रविवारी लांबचा सराव असे. पहाटे डिंडोलीतून निघून कामरेजपर्यंत चालत, वीसेक किलोमीटर, आणि येताना बसने. या सरावाला मीही जाऊ लागलो. एकट्या माणसाने उन्हात जाणं मला बरं वाटेना, आणि खरं सांगायचं तर आप्पांबरोबर चालताना मला कॉलेजात वाटते तशी भीती वाटत नसे. मी एकदा सुचवलं की वाळूचाच सराव करायचा तर हजिऱ्याकडे समुद्रावर जाऊ. आप्पा म्हणाले, तिथे वारा गार असतो, ते वाळवंटाला चालत नाही. कामरेजच कशाला? तर सकाळी पूर्वेला चाललं की ऊन थेट तोंडावर येतं, म्हणून. कामरेजच्या चौफुलीवर एका टपरीवर बसून ते दोन कप चहा प्यायचे. कधी कधी तिसराही. मग एकदम उठून म्हणायचे, चल, झालं अंतर.

मी त्यांच्या वतीने उद्यानाच्या कार्यालयाला इंग्रजीत पत्र लिहिलं. डिक्शनरी घेऊन दोन दिवस लागले. आप्पांनी सांगितलेलं एक वाक्य मला धड इंग्रजीत आणता आलं नाही, ते असं होतं की आम्ही खानदेशचे आहोत, ऊन आम्हाला ओळखतं. आखाजीच्या आठवड्यात यायची परवानगी मागितली होती. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, भर वैशाख. लूमवाल्या खानदेशी माणसाला वर्षातून दोनदाच मोकळी सुट्टी मिळते, दिवाळीला आणि आखाजीला.

महिन्याने उत्तर आलं, हिंदीत आणि फार सभ्य. आपल्या उत्साहाचं कौतुक आहे, पण वैशाखात इथे पायी फिरणं जिवाला धोक्याचं असतं. कृपया कार्तिकापासून पुढे थंडीत यावं, वाटाड्या देऊ.

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. मी आनंदाने म्हटलं, आप्पा, दिवाळीत जाऊ, मीही येतो.

आप्पांनी पत्र घडी करून खिशात ठेवलं. "नही. आखाजीलेच जायनं शे." आणि त्यांनी मला विचारलं की अशी दुसरी एखादी जागा आहे का, जिथे वैशाखात परवानगी लागत नाही. वाळवंटच पाहिजे असं नाही, पण माणसं नकोत.

तरीही मला कळलं नाही. मी कॉलेजात जात होतो, एवढंच.

आखाजीच्या आधीच्या रविवारी आम्ही शेवटच्या सरावाला निघालो. गल्लीत कडुलिंबाला झोके बांधायला सुरुवात झाली होती. आमच्याकडे या सणाला सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, पण त्या आपल्या आपण येत नाहीत. माहेरचा कुणीतरी, भाऊ किंवा बाप, त्यांना आणायला जावा लागतो. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आल्याशिवाय निघणं म्हणजे स्वतःची किंमत कमी करणं.

आप्पा त्या दिवशी पूर्ण पोशाखात होते. डोक्याला पंचा, गळ्यात कांदे, दोन खांद्यांवर दोन बाटल्या. कामरेजला पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. टपरीवर बसल्यावर मी सगळा धीर एकवटून म्हटलं, "आप्पा, तुम्ही आखाजीला गेलात तर मराल. मी येणार नाही, आणि तुम्हाला जाऊ देणार नाही."

ते बशीतला चहा फुंकत राहिले. मग त्यांच्या मानाने फारच हळू म्हणाले, "भाऊ, त्या दिवशी गल्लीमा मी कोठे बसू, तू सांग."

त्यांनी बशी खाली ठेवली.

"घरोघर लेकी येतस. झोके चालतस. जो तो मालेच इचारस, आप्पा, लता कवय यी?"

लता ही त्यांची मुलगी, आणि ती कधी येणार हे जो तो विचारायचा. आम्ही गल्लीत यायच्या आधीच तिचं लग्न झालं होतं. तिने स्वतःच्या मनाने कामरेजच्या एका गुजराती मुलाशी लग्न लावलं, तेव्हा आप्पांनी भर गल्लीत सांगितलं होतं की या घरातून तुला मुराळी येणार नाही. तीही त्यांचीच. म्हणाली, मुराळी आल्याशिवाय मी पाऊल ठेवणार नाही. त्याला तीन आखाज्या झाल्या होत्या. मागच्या आखाजीला आप्पा ताप आलाय म्हणून दोन दिवस दार लावून पडले होते. आईने त्यांना पेज नेऊन दिली होती. ताप नव्हता, हे मला आत्ता कळलं.

आप्पांनी हनुवटीने रस्त्यापलीकडची एक बोळ दाखवली. तोंडाशीच हिरव्या दाराचं घर होतं. "पहिले खिडकीले पिवळा पडदा होता," ते म्हणाले. "दिवाळीपासून निळा शे."

मी विचारलं, मग जात का नाही? ते म्हणाले की त्यांनी चारचौघांत बोलून टाकलंय, आता कोणतं तोंड घेऊन जाणार. आणि तिने दार लावून घेतलं तर?

"मी जाऊ?" मी म्हटलं.

त्यांनी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. टपरीवाल्याला म्हणाले, या पोऱ्याला अजून एक कप दे. तो कप येण्याआधीच मी उठलो, कारण बसलो असतो तर माझा धीर गेला असता.

दार उघडलं ते पिठाच्या हातांच्या एका तरुणीने. नाक आप्पांचंच होतं. मी वाटेत चार वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवेना.

"मी डिंडोलीहून आलोय," मी म्हटलं. "मुराळी."

तिने मला खालून वरपर्यंत पाहिलं. "कोणाचा?"

"सुपडूआप्पांचा."

"ते का नाही आले?"

"आलेत. म्हणजे तिकडे आहेत. ते वाळवंटात निघालेत."

तिने माझ्या खांद्यावरून रस्त्यापलीकडे पाहिलं. आप्पा टपरीवरून उठून विजेच्या खांबामागे लपले होते. खांब बारीक होता. एका बाजूने बाटली दिसत होती, दुसऱ्या बाजूने कांदे आणि वरून पंचा. ती बराच वेळ बघत राहिली. हसली की काय झालं मला कळलं नाही, कारण तिने पिठाचाच हात तोंडावर धरला.

आतून एका म्हाताऱ्या बाईने, सासू असावी, गुजरातीत विचारलं, "आव्या?" आले का?

कोण आलं, कशाला आलं, हे आतल्या बाईने विचारलंच नाही.

"हा, बा," लता म्हणाली. "आव्या."

मग तिने हात पुसले आणि दारामागच्या खुंटीवरून एक पिशवी काढली. ती आधीपासूनच भरलेली होती, तोंडाला गाठ मारलेली. मी पिशवी घ्यायला हात पुढे केला, पण तिने ती दिली नाही. स्वतःच खांद्याला लावून ती उंबऱ्याबाहेर आली.

रस्त्यापलीकडे आप्पांना ती पिशवी दिसली असावी. वीस किलोमीटर चालूनही जो माणूस कधी दमलो म्हणाला नव्हता, तो खांबाला धरून हळूहळू खाली, रस्त्याच्या कडेला, भर उन्हात बसला.