संगीत ताईतहरण आणि तात्या साळिंदर

एका जंगलात, मुलांनो, नाटकाचं फार वेड होतं. फार म्हणजे अगदी फार. तुमच्या घरी पोरगं बोलायला लागलं की त्याला पाहुण्यांपुढे उभं करून कविता म्हणायला लावतात ना? तसं तिथे पिल्लू चार पायांवर उभं राहिलं की त्याला नाटकातलं भाषण म्हणायला लावत.

नाटक एकच. 'संगीत ताईतहरण'. ते कोणी लिहिलं हे कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून ते थोर समजलं जायचं. होळी झाली की नदीकाठच्या सपाट कातळावर ते व्हायचं. दुपारची उन्हं कलली की वाघापासून सशापर्यंत सगळे आपापली जागा धरून बसत. त्या दिवशी कोणी कोणाला खात नसे. मध्यंतरात सुद्धा नाही.

गोष्ट साधी होती. एक राजा असतो. त्याचा एक प्रधान असतो, खरं बोलणारा. आणि एक सरदार असतो, गोड बोलणारा. सरदार राजाचा सोन्याचा ताईत चोरतो आणि प्रधानाच्या उशाखाली ठेवतो. राजा भडकतो. प्रधान एक अक्षर बोलत नाही. मान खाली घालून राज्य सोडून जातो. मग शत्रू चाल करून येतो. सरदार शत्रूला मिळतो आणि खदखदा हसतो. राजा घायाळ होऊन पडतो, तेव्हा धावत कोण येतं? तोच प्रधान. त्याच्या मांडीवर डोकं ठेवून राजा म्हणतो, "प्रधानजी, मी तुम्हाला ओळखलं नाही!" आणि मरतो.

इथे सगळं जंगल हमसून हमसून रडायचं. कोणीतरी ओरडायचं, "वन्स मोअर!" मग मेलेला राजा उठायचा, अंगावरची धूळ झटकायचा आणि पुन्हा मरायचा. हसू नका. तुमच्या आजोबांनीही असेच मेलेले राजे उठवलेले आहेत.

राजाचं काम भिकाजी रानडुक्कर करायचा, वाळक्या गवताची आयाळ लावून. सरदाराचं काम सखाजी कोल्हा करायचा. आणि प्रधान व्हायचा तात्या साळिंदर.

या तात्याचीच ही गोष्ट आहे, तर त्याच्याकडे नीट बघा. तात्या नाटकाबाहेर तळ्याची राखण करायचा; नदी पावसाळ्यापुरतीच वाहायची, त्यामुळे एरवी सगळं जंगल त्या तळ्यावरच पाणी प्यायचं. कोणी पाण्यात घाण केली की अंगावरचे काटे फुलवून वस्सकन ओरडायचा. मग तो हत्ती असो नाहीतर बेडूक. बोलणं सरळ आणि तोंड फटकळ. त्यामुळे तात्या रंगमंचावर आला की सगळे "वा वा" म्हणायचे, आणि तळ्यावर दिसला की "आला बाबा कटकट्या" म्हणायचे.

सखाजीचं उलटं होतं. रंगमंचावर त्याच्या अंगावर बिब्बे, बोरं, काय हाताला लागेल ते पडायचं. आणि नाटक सुटलं की बायाबापड्या त्याच्याभोवती गोळा व्हायच्या. "काय हो सखाजीराव, केवढं सोसता तुम्ही कलेसाठी! इतका गुणी प्राणी आणि असलं नीच काम!" सखाजी शेपटी पायात घालून म्हणायचा, "कोणीतरी करायला हवं ना, वहिनी."

नाटकाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी 'उलगडा' व्हायचा. ती तिथली चाल होती. महाराज सिंह वडाखाली बसायचे आणि एकेकाने उठून सांगायचं, की नाटकातून मला काय उमगलं. ज्याला सगळ्यात जास्त उमगलं त्याला मधाचं पोळं. निकाल घुबडशास्त्री द्यायचे. शास्त्रीबुवांना दिवसा दिसत नसे, त्यामुळे नाटक त्यांनी कधी पाहिलेलंच नव्हतं. पण त्यावर बोलायचे मात्र सुरेख.

महाराज शेवटी उठायचे. डोळे पुसायचे. म्हणायचे, "आम्हाला इतकंच उमगलं, की राजा हलक्या कानाचा नसावा."

"काय ती समज! काय ती समज!" शास्त्रीबुवा मान गोल फिरवायचे. पोळं दर वर्षी महाराजांनाच मिळायचं.

सखाजी उलगड्यात कधी बोलला नाही. "आपल्याला काय कळतंय?" म्हणायचा आणि मागे बसून ऐकायचा.

तर एका वर्षी उलगडा आटोपला. महाराजांच्या मिशांना अजून मध चिकटलेला होता. सखाजी हळूच पुढे सरकला.

"महाराज, आपल्यासारख्या जाणत्या राजाने चार जनावरांबरोबर तळ्यावर पाणी प्यायचं? बरं दिसतं का ते? वरचा ओढा जरा वळवला, तर थेट आपल्या गुहेपुढे स्वतंत्र डोह होईल. नाव आपलंच देऊ."

महाराजांना कल्पना पसंत पडली. नावासकट पसंत पडली.

तात्या तिथेच होता. त्याचे काटे ताठ उभे राहिले. "महाराज, तळं त्या ओढ्यावरच जगतंय. ओढा वळवला तर पुढच्या होळीला तळ्यात चिखल राहील. हरणांची पाडसं काय चिखल चाटतील?"

महाराजांनी मिशी चाटली. "पाहू," म्हणाले.

आता तुमच्यातला एखादा शहाणा म्हणेल, यात काय, महाराज विचार करतील. करतच होते. पण सखाजी संध्याकाळी त्यांचे पाय चेपायला गेला. पाय चेपता चेपता म्हणाला, "तात्या मनाचा चांगला आहे हो. फक्त लोकांना सांगत सुटलाय, की म्हातारपणी महाराजांची अक्कल गेली. मी म्हटलं, जाऊ दे, तोंडच फटकळ त्याचं."

महाराजांचं वय झालं होतं. आयाळीचे केस गळायला लागले होते. ते कोणी बोललेलं त्यांना खपत नसे. गळलेला केस वैऱ्याच्या हाती लागला तर करणी होते, अशी त्यांची समजूत होती, म्हणून पहाऱ्यावरचा लांडगा रोज केस गोळा करून पुरून टाकायचा.

दोन दिवसांनी त्या केसांचा एक झुबका तात्याच्या बिळाच्या तोंडाशी सापडला. लिंबात टोचून ठेवलेला होता. सापडला कोणाला? सखाजीला. फिरायला निघाला होता बिचारा.

जंगलात एकच गिल्ला झाला. तात्याने करणी केली! तात्याने महाराजांवर करणी केली! ज्याने करणी केली त्याला नदीपलीकडे सोडायचं, असा कायदा होता. पलीकडे तरसांचं राज्य. तिकडे सोडलेला कोणी फार दिवस टिकत नसे.

तात्याची बायको सोनाकाकू हे ऐकून धावत बिळात आली. "अहो, पळून जाऊ आपण. आत्ताच्या आत्ता."

"पळू कशाला?" तात्या म्हणाला. "वेडी आहेस का तू? हा तर सरळसरळ दुसरा अंक आहे. वस्तू चोरायची आणि दुसऱ्याच्या घरात ठेवायची. जंगलातल्या शेंबड्या पिल्लालाही पाठ आहे. आणि महाराजांनी तर दर वर्षी पोळं घेतलंय. त्यांना कळल्याशिवाय राहील?"

"तुम्हाला नाटक चढलंय," सोनाकाकू म्हणाली आणि डोळ्याला पदर लावला.

पण तात्याचा जीव खरंच शांत होता. रात्री दोन घास जेवला सुद्धा. त्याची त्या नाटकावर अशी श्रद्धा होती की विचारू नका. त्याला वाटायचं, इतकी वर्षं जे एवढे रडले त्यांना काहीतरी समजलंच असेल.

सकाळी दरबार भरला. केसांचा झुबका पानावर मांडून ठेवला होता. तात्या पुढे झाला.

"महाराज, आठवतंय ना? ताईत! उशी! सरदार!"

सभेत कुजबुज झाली. भिकाजी रानडुकराने कान टवकारले. राजाचं काम करून करून त्याला पुढचं सगळं पाठ होतं. तो हळूच म्हणाला, "खरंच की. तसंच दिसतंय."

महाराजांनी शास्त्रीबुवांकडे पाहिलं. शास्त्रीबुवांनी डोळे मिटूनच सांगायला सुरुवात केली.

"वरवर पाहणाऱ्याला तसं वाटेल. पण अभ्यासकाने बारकाईने पाहावं. नाटकात ताईत आहे, इथे केस आहेत. नाटकात उशी आहे, इथे बीळ आहे. शिवाय नाटकात लिंबू कुठेच नाही. मग साम्य उरलं कुठे?"

"वा!" सभा म्हणाली.

"आणि मुख्य मुद्दा. नाटकातला प्रधान निर्दोष असतो, म्हणून तो एक अक्षर बोलत नाही. तात्या मघापासून बोलतोय. यावरून काय ते समजा."

तात्याने तोंड उघडलं होतं ते मिटलं. त्याला वाटलं, बरोबर आहे. प्रधान गप्प असतो, म्हणून सगळ्यांना तो खरा वाटतो. मग तोही गप्प झाला. मान खाली घातली. अगदी नाटकात घालायचा तशीच.

"पाहा," सखाजी हळूच म्हणाला, "बोलायला जागाच उरली नाही त्याच्याकडे. आणि खरं सांगू का, महाराज? दर वर्षी खरेपणाचं सोंग इतकं हुबेहूब वठवतो तो. मग खरा कधी आणि सोंग कधी, हे आपण गरिबांनी ओळखायचं कसं?"

सगळ्यांना हे पटलं.

"अरे, तू सरदार आहेस!" तात्या ओरडला. "महाराज, हा सरदार आहे!"

मग सखाजीने काय केलं ठाऊक आहे? तो रडला. ढसाढसा रडला. महाराजांचे पाय धरले आणि म्हणाला, "तात्याला माफ करा, महाराज. हवं तर मला पाठवा पलीकडे. माझ्या तात्याला नका पाठवू."

नाटकातला सरदार हसतो, मुलांनो. हसतो म्हणूनच प्रेक्षकांना तो कळतो. इतकी वर्षं मागे बसून सखाजीने हे नेमकं हेरून ठेवलं होतं. त्या जंगलात नाटक खरंखुरं समजलेला प्राणी एकच होता, आणि त्याला कधी पोळं मिळालं नाही.

"काय हे मन!" महाराज गहिवरले. "असा जीव लावणारा मित्र असताना आमच्यावर करणी करतोस, तात्या? जा. नदीपलीकडे जा."

तात्याला न्यायला लांडगे आले. सोनाकाकूने टाहो फोडला. तिला मात्र मागे ठेवून घेतलं, पिल्लं लहान म्हणून. भिकाजीने जमिनीकडे पाहिलं. त्याला बोलायचं होतं, पण त्याच्या वाट्याचं वाक्य चौथ्या अंकात होतं.

इतक्यात महाराजांच्या काहीतरी ध्यानात आलं. त्यांचा चेहरा एकदम पडला.

"थांबा! मग पुढच्या वर्षी प्रधानाचं काम कोण करणार?"

सभा सुन्न झाली. तात्याला पलीकडे पाठवताना कोणाला एवढं वाईट वाटलं नव्हतं. शास्त्रीबुवांनी ग्रंथ आठवले. मग तोडगा निघाला. कला वेगळी आणि राज्य वेगळं. तात्याने पलीकडेच राहायचं. फक्त नाटकाच्या दिवशी पहाऱ्यात आणायचं आणि पडदा पडला की परत सोडायचं.

"आम्ही कलेच्या आड कधी येत नाही," महाराज म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

ओढा वळला. डोह झाला. महाराज त्यात डुंबले. डोहाभोवती काटेरी कुंपण पडलं आणि त्याची व्यवस्था सखाजीरावांकडे गेली. दिवाळीनंतर तळं खाली जायला लागलं. शिमग्याला त्यात चिखल उरला. हरणांची पाडसं तो चाटायला लागली. काही चाटता चाटता तिथेच आडवी झाली. प्राणी एकमेकांना म्हणायचे, यंदा ऊन भारी आहे.

आणि नाटकाचा दिवस आला. सगळे कोरड्या घशाने येऊन बसले. लांडग्यांनी तात्याला आणलं. त्याला पाहून सोनाकाकूच्या तोंडून हुंदका फुटला. अर्धे काटे गळले होते, एक कान फाटला होता, मागचा पाय ओढत चालत होता.

"भूमिकेसाठी केवढं वजन उतरवलंय!" शास्त्रीबुवांना शेजारच्या माकडाने सांगितलं. शास्त्रीबुवांनी मान डोलावली.

पहिला अंक झाला. दुसरा झाला. तिसऱ्यात तात्याने मान खाली घातली, तेव्हाच रडारड सुरू झाली. चौथ्यात भिकाजी घायाळ होऊन पडला. तात्या पाय ओढत धावला. भिकाजीने त्याच्या मांडीवर डोकं ठेवलं.

"प्रधानजी," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज खरोखरच फुटला, "मी तुम्हाला ओळखलं नाही!"

इथे प्रधानाने आकाशाकडे पाहून पद म्हणायचं असतं. तात्याने आकाशाकडे पाहिलं नाही. त्याने समोर पाहिलं. पहिल्या रांगेत खरे महाराज बसले होते, डोळ्याला पंजा लावून. त्यांच्याशेजारी सखाजीची जागा होती. सरदाराचं काम संपवून तो तिथे येऊन बसला होता.

तात्याने पद सोडून दिलं. तो म्हणाला, "महाराज, तळं आटलं. पाडसं मरताहेत. केस मी चोरले नाहीत. तुमच्या शेजारी बसलाय त्याने चोरले."

मागे एक हरिणी उठून उभी राहिली. महाराज तात्याकडे बघत राहिले. त्यांनी शेजारी पाहिलं. पुन्हा तात्याकडे पाहिलं. त्यांच्या गालांवरून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

तात्याला वाटलं, समजलं. अखेर समजलं.

महाराज उठले. दोन्ही पंजे वर केले. आणि गर्जना केली,

"वन्स मोअर!"

सगळं जंगल उठलं. "वन्स मोअर! वन्स मोअर!" सखाजी सगळ्यात जोरात टाळ्या पिटत होता. हरिणी सुद्धा डोळे पुसत खाली बसली. त्या वर्षी त्या जंगलाच्या वाट्याला जे काय पाणी आलं, ते तेवढंच.

भिकाजी उठला, अंगावरची धूळ झटकली आणि पुन्हा मांडीवर आडवा झाला. तात्याने पुन्हा म्हटलं, "महाराज, तळं आटलं." या वेळी आवाज जरा बारीक निघाला. शास्त्रीबुवा म्हणाले, पहिल्यापेक्षा दुसऱ्यांदा जास्त रंगलं.

मग पडदा पडला आणि लांडगे त्याला नदीकडे घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी उलगडा झाला. महाराज उठले, डोळे पुसले आणि म्हणाले, "आम्हाला इतकंच उमगलं, की राजा हलक्या कानाचा नसावा." पोळं त्यांनाच मिळालं. नव्या वाक्यांवर सगळे खूश होते. पुढच्या वर्षापासून ती नाटकात कायमची घालायची असं ठरलं. ती म्हणायला तात्या मात्र उरला नव्हता. एका चुणचुणीत माकडाने ती पाठ केली, आणि म्हणताना ते एक पाय ओढायलाही शिकलं.

तात्पर्य : मुलांनो, खरं बोलायचंच असेल तर रंगमंचावर बोलावं. टाळ्या मिळतात, वन्स मोअर मिळतो आणि ऐकणाऱ्याला काहीही त्रास होत नाही. परीक्षेत मात्र असलं काही लिहू नका. 'या नाटकातून आपण काय शिकलो?' असा प्रश्न आला, तर राजा हलक्या कानाचा नसावा, एवढंच लिहा. पैकीच्या पैकी मार्क मिळतील. पेपर शास्त्रीबुवाच तपासतात.