रंग काळा, शिंगे दोन

१९७३च्या एप्रिलात सावेडीतील निवृत्त हेडक्लार्क यज्ञेश्वर यांच्या पत्नी इंदूबाई यांच्या नाकाचा घोळणा दिवसातून दोनदा फुटू लागला. डॉक्टरांनी तपासून सांगितले की, बाईंना काही झालेले नाही, झाले आहे ते हवेला. ती फार कोरडी आहे. घरात ओलावा ठेवा.

पावसाला दोन वर्षे न जमलेले हे काम यज्ञेश्वरांनी स्वतःच्या अंगावर घेतले. कारागीर बोलावणे त्यांना कमीपणाचे वाटे. तेलाचे पत्र्याचे डबे कापून त्यांनी चार पायांची पेटी केली, तीन बाजूंना वाळा भरला, वरून पाणी झिरपवायला दोन नळ्या उभ्या केल्या, मागे पंखा बसवला आणि गंजू नये म्हणून सगळ्याला डांबर फासले. पहिल्या दिवशी पंखा उलटा बसला आणि ओलावा शेजाऱ्यांकडे गेला. दुसऱ्या दिवशी तो घरात आला. आठवड्यात इंदूबाईंचे नाक थांबले.

"अहो, हे मात्र काढू नका," त्या म्हणाल्या. छत्तीस वर्षांच्या संसारात यज्ञेश्वरांच्या हातच्या वस्तूबद्दल असे त्या प्रथमच म्हणत होत्या.

पेटीला रोज दोन बादल्या पाणी लागे, आणि टँकरचे पाणी नोंद पाहून मिळे. यज्ञेश्वर पाणीवाटप कचेरीत गेले. तिथला कारकून शामकांत एकेकाळी त्यांच्याच हाताखाली तयार झाला होता, त्यामुळे नियम त्याला तोंडपाठ होते.

"तात्या, हवेला पाणी पाजायची तरतूद नाही. माणूस नाहीतर जनावर. माणूस दाखवायचा तर रेशनकार्ड लागेल."

"मग?"

"म्हशीला दोन बादल्या आहेत."

खोटे लिहिणे यज्ञेश्वरांना जन्मात जमले नव्हते. म्हणून अर्जात त्यांनी दिसत होते तेच लिहिले. पाय: चार. रंग: काळा. शिंगे: दोन, सरळ. शेपूट: आहे, भिंतीतल्या बटणापर्यंत पोचते. पाहणीला आलेल्या अधिकाऱ्याने उंबऱ्यातच झुळूक अंगावर घेतली, 'जनावर शांत आहे' असा शेरा मारला आणि पुढे तासभर उठला नाही.

मे महिन्यात हुकूम निघाला की पाणी घेणारी सर्व जनावरे छावणीत हलवावीत. म्हैस न्यायला दोन माणसे आली तेव्हा यज्ञेश्वर धावत कचेरीत गेले आणि ही म्हैस नाही, पत्र्याची पेटी आहे, असे पोटतिडकीने सांगू लागले. शामकांतने त्यांच्याच हस्ताक्षरातला अर्ज पुढे सरकवला.

"तुम्हीच शिकवलंत ना, तात्या? डोळ्यांवर जायचं नाही, कागदावर जायचं."

छावणीत म्हशीने दोन दिवस कडब्याला तोंड लावले नाही. मुकादम कारभारीने तिला आजारी ठरवले आणि कचेरीच्या सावलीत, विजेच्या बटणाशेजारी बांधले. तिथे ती गुरगुरू लागली आणि कर्मचाऱ्यांची हजेरी एकदम सुधारली.

इकडे इंदूबाईंचा घोळणा पुन्हा फुटला. जनावर पाऊस पडेपर्यंत सुटणार नव्हते. मात्र मालकिणीला धार काढायला दोन वेळा तासभर आत जाण्याची परवानगी होती. इंदूबाई चरवी घेऊन निघाल्या.

"बसा, माई." कारभारीने पेटीसमोर घोंगडी अंथरली. "म्हस तुमचीच हाय. आमी फकस्त वारा घेतो."

नाक थांबले. अडचण एकच राहिली. धार काढून रिकाम्या चरवीने कोण बाहेर पडते? तेव्हा पेटीच्या तळाला साचलेले पाणी त्या चरवीत घेत. टँकरचे चुनखडीचे पाणी, ते पांढुरके होतेच. फाटकावर गोरक्ष कारकून 'दूध, दोन लिटर' अशी नोंद करी आणि रीतीप्रमाणे त्यातले पेलाभर कचेरीच्या चहाला काढून घेई.

चौथ्या दिवशी त्याने इंदूबाईंना थांबवले. त्यांनी चरवी पदराआड घेतली. आता आत येणे बंद होणार आणि नाक पुन्हा वाहणार.

"माई, आमच्या घरी रतीब घालता का?" गोरक्ष खालच्या आवाजात म्हणाला. "आमच्या गवळ्यापरीस तुमची म्हस लई दाट देती."

नाही म्हणायची सोय नव्हती. नकार म्हणजे संशय, संशय म्हणजे चौकशी.

पाऊस लांबला. त्या उन्हाळ्यात इंदूबाईंचे अकरा रतीब झाले आणि एकाही घरातून तक्रार आली नाही. हे वाचताना आपल्या हातात चहाचा कप असेल, तर तो खाली ठेवू नये. इतकी वर्षे जे कळले नाही, ते आजच्या घोटात कळण्याचा संभव कमी आहे.