क्षेपणास्त्रविक्रीस हरकत असल्याबाबत

डोमाजी निखारे यांनी आजवर तीन देशांच्या क्षेपणास्त्रांवर, दोन देशांच्या विमानांवर आणि एका देशाच्या पाणबुडीवर लेखी हरकत घेतली आहे. पाणबुडीचा अर्ज त्यांनी आठवड्याभरात मागे घेतला. त्यांची मुलगी ज्या शहरात आहे तिथे समुद्र नाही, हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं. "एक हरकत चुकीची निघाली, तं बाकीच्याईचं वजन कमी होते," असं त्यांनी मला समजावलं आणि अर्ज मागे घेत असल्याचा दुसरा अर्ज त्या देशाच्या दिल्लीतल्या वकिलातीला पाठवला.

डोमाजी पवनीचे अर्जनवीस. तहसील कचेरीच्या फाटकाबाहेर त्यांचं टेबल आहे. घर विणकरांचं, पण वडिलांनंतर माग चालला नाही. त्यांची एकुलती मुलगी मंदा नर्स आहे. नागपुरात शिकली, परदेशातल्या एका इस्पितळात लागली, आणि दुसऱ्याच वर्षी तिथे युद्ध सुरू झालं. डोमाजी त्या देशाचं नाव घेत नाहीत, 'तिकडं' म्हणतात. आपल्या लोकांना परत आणणारं विमान गेलं तेव्हा यादीत मंदाचं नाव होतं. ती विमानात बसली नाही. वॉर्डात एकोणीस रुग्ण होते आणि नर्स दोनच.

"माह्यावर गेली पोट्टी," डोमाजी म्हणाले. "समोर माणूस बसला असन, तं टेबल सोडत नाई."

मुलगी येत नाही म्हटल्यावर त्यांनी तिकडे जाणारा माल थांबवायचं ठरवलं. माल थांबवण्याची एकच रीत त्यांना ठाऊक होती. जमीन विकली गेली की तलाठी नोटीस लावतो. पंधरा दिवसांत कोणाची हरकत आली, तर नोंद मंजूर होत नाही. सुनावणी होईपर्यंत सगळं जिथल्या तिथे. या पंधरा दिवसांवर डोमाजींचा संसार चालला. अमुक देश तमुक देशाला क्षेपणास्त्रं विकणार, अशी बातमी दिसली की ते कात्रण काढतात, कार्बन घालतात आणि विकणाऱ्याच्या वकिलातीला लिहितात: 'विषय: क्षेपणास्त्रविक्रीस हरकत असल्याबाबत. अर्जदार: हितसंबंधी व्यक्ती.'

वर कोर्ट फीचं तिकीट. शेजारचा हिवराज तिकिटं विकतो. त्याने एकदा हटकलं.

"काकाजी, फॉरेनच्या सायबाले आपलं तिकीट चालत नाई नं जी."

"नाई चाललं तं अर्ज वापस करन. पण कारण लिहून करा लागन. कायदा हाय."

"तिकडं बाम पडून रायले अन् तुम्ही तिकीट चिपकवून रायले."

"तू तिकीट दे बाप्पा. बामाचं मी पाहातो."

माझ्या वर्तमानपत्राचं तालुका कार्यालय कचेरीसमोरच आहे. त्यामुळे आमच्या बातम्यांतल्या उणिवा डोमाजी रस्ता ओलांडून सांगायला येतात. विकणाऱ्याचा पूर्ण पत्ता नाही. घेणाऱ्याच्या वडिलांचं नाव नाही. मालाचं वर्णन मोघम. "'अत्याधुनिक' म्हंजे काय? किती नग? सर्वे नंबर नसलेली जमीन कोणी घेते का भाऊ?"

स्वतःच्या अर्जात ते मोघम काही ठेवत नाहीत. इस्पितळाची चतुःसीमा त्यांनी मंदाला फोनवर विचारून लिहून घेतली होती. पूर्वेस डांबरी रस्ता, पश्चिमेस बेकरी, उत्तरेस मुलींची शाळा, दक्षिणेस दवाखान्याची विहीर. चौथ्या अर्जात पश्चिमेस 'बंद बेकरी' आलं. सहाव्यात 'पडीक'. उत्तरेच्या रकान्यात त्यांनी एकदा बराच वेळ काही लिहिलं नाही, मग 'मोकळी जागा' असं लिहिलं. चतुःसीमा चुकली तर अर्ज फेटाळला जातो, एवढंच ते बोलले.

मधल्या काळात काही देशांचे प्रतिनिधी एकत्र बसले. तिकडची शस्त्रविक्री थांबवावी असा ठराव होता. डोमाजी त्याला 'सुनावणी' म्हणत. त्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून आमच्या कार्यालयात बसून होते. संध्याकाळी बातमी आली. जवळजवळ सगळे बाजूने होते. एका देशाने नकाराधिकार वापरला आणि ठराव पडला.

"म्हंजे?"

मी सांगितलं, एकाची संमती नसली तरी ठराव पडतो.

"सामाईक सातबाऱ्यात एकानं सही नाई केली, तं विक्री थांबते," ते सावकाश म्हणाले. "इथं एकानं सही नाई केली तं विक्री चालू राहाते?"

"हो."

"असा तहसीलदार मी नाई पाह्यला." मग दारातून वळून त्यांनी विचारलं, "पुढची तारीख?"

तारीख दिलेली नव्हती.

दिवाळीनंतर एका वकिलातीचं उत्तर आलं. जाड कागद, वर सोनेरी चिन्ह. कचेरीच्या फाटकाबाहेर चहा झाला. हिवराजने ते पत्र दोन्ही हातांत धरून फोटो काढून घेतला. डोमाजींनी सर्वांदेखत मंदाला फोन लावला आणि मोठ्याने सांगितलं, "बाई, हरकत दाखल झाली. आता सुनावणीपर्यंत तिकडं काही येऊ शकत नाई. तू जेवून घे." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी पत्र वाचलं. इंग्रजीत दोन ओळी होत्या. पत्र मिळालं, संबंधित विभागाकडे पाठवलं आहे. खाली छापील सही, नाव नाही. गर्दी पांगल्यावर मी टेबलाशी बसलो आणि या पत्राने काहीही थांबत नाही, हे त्यांना शक्य तितक्या स्पष्टपणे सांगितलं.

डोमाजी कार्बन सरळ करत होते.

"भाऊ, चाळीस वर्षं अर्ज लिहून रायलो. संबंधित विभाग काय असते, हे तुम्ही मले सांगता?"

मी पत्राची घडी करून त्यांच्यापुढे ठेवली.

"कोणता अर्ज पुढं जाणार नाई, ते मले पह्यल्या ओळीतच समजते. तरी लिहून देतो. कायले? तर तो माणूस त्या दिवशी घरी जाऊन जेवते. झोपते. तेवढंच काम असते अर्जाचं."

"मंदाला खरं वाटतं का हे?"

"ती नर्स हाय. माह्यापेक्षा जास्त समजते तिले." त्यांनी कार्बन खाली ठेवला. "दुपारी सुट्टी झाली का ती खाली तळघरात येऊन फोन करते. 'बाबा, आज काय लिहिलं?' मी वाचून दाखवतो. वाचणं चालू हाय तवरीक ती खालीच राहाते. वर जात नाई. पह्यले अर्ज एका पानाचा होता, पाच मिनिटं लागत. आता नऊ पानांचा करतो. आस्ते आस्ते वाचतो. पाऊण तास जाते."

ते मला प्रथमच कळलं. नऊ पानांत काय असतं, ते मी विचारलं नाही. नंतर त्यांनीच एक प्रत पुढे केली. पहिल्या दोन पानांत क्षेपणास्त्रं होती. तिसऱ्यावर अर्जदाराच्या घराचं वर्णन होतं. दाराशी कोण बसतं, यंदा धान कसं आलं, शेजारच्या म्हशीला काय झालं. चौथ्यावर मंदा लहानपणी अड्याळच्या बाजारात हरवली होती, ती हकिकत होती. 'सबब सदर अर्जदार विनंती करतो की' हे थेट नवव्या पानावर.

मंगळवारी दुपारी ते फोनवर वाचत असताना चौथं पान संपलं आणि फोन तुटला. परत लावला, लागला नाही. त्या शहरावरच्या हल्ल्याची बातमी बुधवारच्या अंकात आम्ही आतल्या पानावर घेतली. इस्पितळाचा उल्लेख त्यात नव्हता. आहे की नाही, हे डोमाजींचं मला तीनदा विचारून झालं आहे.

आज शनिवार. फाटकाबाहेर नेहमीची गर्दी आहे, पण डोमाजी कोणाचा अर्ज घेत नाहीत. हिवराज लोकांना परस्पर दुसरीकडे पाठवतो. वाचून झालेली चार पानं त्यांनी पिशवीत ठेवली आहेत. पाचवं वर काढलेलं आहे, आणि ते उडू नये म्हणून त्यावर फोन ठेवला आहे.