डावीकडे झुकलेले ठोके

तुमच्या घरच्या लग्नात कुणी वरात अडवून नवरदेवाच्या गाडीखाली शिरलं, तर त्याला तुम्ही काय म्हणाल? आम्ही पांचाळकाका म्हणतो.

काका कोपरला आमच्या खालच्या मजल्यावर एकटेच राहतात. पंचाहत्तरी ओलांडली आहे. जुनी मोटार दिसली की चपला काढून तिच्याजवळ जातात. बॉनेटवरच्या बिल्ल्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. "बिल्ला कुणीही लावतो रे. अंग बघ." मग दारावर टिचकी मारून, डोळे मिटून ऐकतात. "आत सागवान आहे. म्हणजे इंजिन आणि सांगाडा बोटीने आला. अंग चढवलं ते इथल्या सुतारांनी, पत्रेवाल्यांनी."

मी कामगार चळवळीची पत्रकं वाचत मोठा झालो, आता स्वतः वाटतो. संस्थानिकांच्या गाड्यांचं कौतुक माझ्या डोक्यात जातं. एकदा काकांना सुनावलं, "या गाड्या कुणाच्या घामावर फिरल्या, ते शोधा."

"तेच शोधतोय," काका म्हणाले.

या वैशाखात शीळफाट्याच्या एका लॉनवर माझ्या मामेभावाचं लग्न होतं. भाड्याची जुनी काळी मोटार, तिच्यावर झेंडूच्या माळा, उतरतं पिवळं ऊन. सनई सुरू झाली आणि काका डाव्या मडगार्डखाली आडवे झाले. नुसते पाय बाहेर.

"काका, मुहूर्त टळेल," नवरदेव आतून ओरडला.

"मग चालत जा. मांडव समोरच आहे."

हे मात्र मला पटलं.

ड्रायव्हर वैतागला. "बाबा, त्या मडगार्डात काय बघताय? ते काढणारेत. फायबरचं बसवायचंय."

मी वाकलो. काकांचा तळहात पत्र्याला आतून टेकलेला होता. धुळीत ऊन तरंगत होतं, सनई कुठल्या तरी दुसऱ्याच गावातून आल्यासारखी वाटत होती.

"हातोडीचे ठोके सहसा उजवीकडे झुकतात," ते हळूच म्हणाले. "हे डावीकडे आहेत. माझे वडील डावखुरे होते, असं आई सांगायची. मोटारींचे पत्रे ठोकायचे. मी चार वर्षांचा असताना गेले. एक फोटोसुद्धा नाही रे."

डावखुरे तर आणखीही असतील, असं मला म्हणता आलं असतं. मी गाडीखाली सरकलो आणि त्यांच्या हाताशेजारी हात ठेवला.

गाडीच्या मालकाला त्याच संध्याकाळी फोन केला. मडगार्ड निघालं की घेऊन जा, म्हणाला. आम्ही सांगितल्या दिवशी पोचलो, तर गॅरेजवाल्याने ते आदल्या दिवशीच आंबिवलीकडच्या भंगाराच्या टेम्पोत टाकलेलं. काका म्हणाले, "असू दे. हात लागला ना." पण घरी येईपर्यंत वाटेतल्या प्रत्येक भंगाराच्या दुकानाकडे मान वळवून बघत होते.

म्हणून हे लिहितोय. ठाण्यापासून कल्याणपर्यंत तुमचं किंवा तुमच्या ओळखीत कुणाचं भंगाराचं दुकान असेल, तर उद्या जाऊन बघा. काळं, गोलसर, जड मडगार्ड आहे. सापडलं तर कापू देऊ नका. कोपरला पांचाळकाकांकडे निरोप धाडा, उचलायला मी येतो.